भेरू घाटात गाडीचा जोर का गेला : प्रकल्प नोंदी

गाडी 2018 सालची, 1.5 लिटर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), बीएस-4, पाच गिअरची. काटा 91,400 किमीवर. बाबांनी घेतली, गेली तीन वर्षं मी चालवते. मुक्काम राजेंद्रनगर, इंदूर. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, गाडीकाम माझा व्यवसाय नाही. पण या गाडीत आई बसते, म्हणून हे प्रकरण दुसऱ्यावर सोपवून मोकळं व्हायचं नाही असं ठरवलं आणि वही उघडली.

रविवार, 10 नोव्हेंबर 2024

मंगळवारी कार्तिकी एकादशी. तिथून पौर्णिमेपर्यंत ओंकारेश्वरला पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून आईला आजच नेऊन आणलं. जाताना काहीच जाणवलं नाही, जाताना सगळा उतारच असतो. परतताना बडवाहला चहा घेतला, बलवाडा मागे पडलं आणि भेरू घाटाची चढण लागली. तिसरा गिअर, वेग पन्नासच्या आसपास. पुढे लोखंडी सळया भरलेला ट्रक रखडत होता. मोकळं वळण बघून त्याला मागे टाकायला पाय दाबला, गाडीने एक हिसका दिला आणि जोरच गेला. ब्रेक लागल्यासारखं नाही, कुणी मागून धरून ठेवल्यासारखं. पाय पार तळाला, पण आरपीएमचा काटा 2,500 च्या अलीकडे चिकटून बसला. डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा. वेग पंचविसावर आला, मागच्या डंपरने हॉर्न लावून धरला.

दुसरा गिअर टाकला, चारी इंडिकेटर लावले आणि डावीकडे जिथे कठड्याआधी थोडी रुंद जागा आहे तिथे गाडी घेतली. इंजिन चालूच ठेवलं. ते मी मुद्दाम केलं. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो. चढणीवर, वाहतुकीत, थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत चावीला हात लावू नये. अपवाद लाल दिव्यांचा.

म्हणून थांबल्यावर पहिल्यांदा रंग बघितला. ऑइलच्या प्रेशरचा लाल दिवा लागला असता तर जागच्या जागी इंजिन बंद केलं असतं, कारण तेल फिरत नसेल तर काही मिनिटांत बेअरिंग जातात. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असता तरी तेच. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही, त्यात थोडं अंतर कापता येतं. माझ्याकडे तापमान मध्यावर, लाल काहीच नाही, फक्त पिवळा. इंजिन आरामात गुरगुरत होतं. बोनेटखालून वास नाही, धूर नाही.

आईने विचारलं, "डिझेल संपलं का गं?"

"नाही आई, अर्धी टाकी आहे. बस तू, उतरू नकोस, रस्ता वाहता आहे."

दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू केली. दिवा तसाच, पण जोर परत आलेला! हलक्या पायाने निघालो. सिमरोलच्या चढणीवर पुन्हा जरा जास्त पाय दिला, पुन्हा तेच. घरी पोचायला पावणेआठ झाले.

आजची नोंद एवढीच: हलका पाय, गाडी ठीक, भार आला की जोर जातो, बंद करून चालू केली की तात्पुरता परत येतो. हा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. एखादी वस्तू तुटली असती तर चावी फिरवल्याने ती जुळली नसती. म्हणजे गाडीच्या संगणकाने काहीतरी न पटणारं बघून स्वतःहून हात आखडता घेतला. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून तो डिझेल कमी सोडतो आणि टर्बोचा दाब उतरवतो. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत का होईना घरी पोचवणारी अवस्था. त्याने काय बघितलं ते त्यालाच विचारायचं.

सोमवार, 11 नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ईएलएम-327 जातीचा ब्लूटूथ डोंगल लावला आणि फोनवर टॉर्क अॅप उघडलं. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-2, म्हणजे गाडीच्या संगणकाला दोष विचारायची सोय, 2013 पासून बंधनकारक आहे. त्यानंतरची गाडी असेल तर हे सॉकेट असतंच, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर.

कोड एकच: पी-0299. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी.

त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम, म्हणजे दिवा लागला त्या क्षणाचा फोटोच म्हणा. आरपीएम 2,380, वेग 52, कूलंट 91 अंश, इंजिनावरचा भार 96 टक्के. घाटातला तो क्षण जसाच्या तसा कागदावर आला. वहीत उतरवून घेतला आणि कोड पुसला नाही. कोड उडवला की फोटोही जातो, आणि दोष मात्र जिथल्या तिथे राहतो.

हा कोड काय सांगतो? संगणकाने जेवढा दाब मागितला तेवढा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, पोचला नाही. बस. का पोचला नाही ते तो सांगत नाही. टर्बो थकला असेल, टर्बोतली धुराचा झोत वळवणारी पाती काजळीने अडकली असतील, पाती हलवणाऱ्या डब्याला व्हॅक्यूम मिळत नसेल, एअर फिल्टर चोंदला असेल, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत कुठे हवा फुटत असेल, किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल. शाळेत पोर म्हणालं "पोटात दुखतंय" तर त्याचं अपेंडिक्स काढायला कुणी नेत नाही.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी इथेच एक लिहून ठेवते. हा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं. तो सारखा लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढतं. तेव्हा पाय लगेच काढावा.

बुधवार, 13 नोव्हेंबर

जवळच्या एका गॅरेजला गाडी दाखवली. पोराने स्कॅनर लावला, कोड वाचला आणि मी "थांब" म्हणेपर्यंत उडवूनही टाकला. फोटो माझ्या वहीत होता म्हणून वाचले. उस्तादांनी बोनेट उघडलं, एकदा रेस दिली, कान लावला आणि म्हणाले, "मॅडम, टर्बो गया. नवा टाकलात तर 32,000, रिकंडिशन 18,000."

"उस्ताद, प्रेशर मोजलंत का?"

"कोड टर्बोचाच आहे ना."

त्यांच्या हाताला कामाची सवय आहे आणि ते मला फसवत होते असं मला वाटत नाही. टर्बोचा कोड आला की टर्बो बदलायचा, ही तिथली चाल आहे. पण उभ्या गाडीत रेस दिल्याने टर्बोवर भार येत नाही. माझा दोष भाराखालीच दिसतो. उभ्या गाडीत कान लावून तो ऐकू येणारच नव्हता. नमस्कार करून गाडी घरी आणली.

शनिवार, 16 नोव्हेंबर

रात्री साडेनऊला भंवरकुआँच्या सिग्नलला उभी होते. हेडलाइट चालू, ब्लोअर चालू. सिग्नल सुटला, डावीकडे वळायला स्टिअरिंग फिरवलं आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग, इंजिन असे तीन दिवे एकदम पेटले. स्टिअरिंग दगडासारखं जड. अर्ध्या मिनिटात दोन दिवे गेले, स्टिअरिंगही हलकं झालं. एबीएसचा राहिला, तोही गाडी बंद करून चालू केल्यावर गेला.

छातीत धडधडलं. टर्बोचं निस्तरत नाही तोवर हे. पण घरी येऊन वहीत लिहायला बसले तेव्हा धीर आला. एबीएसचा स्टिअरिंगशी संबंध नाही, स्टिअरिंगचा टर्बोशी नाही. तिन्ही एकाच सेकंदाला बिघडणं अशक्य. एका आळीत पाच घरांत एकाच रात्री पोटं बिघडली तर आधी विहीर बघतात. गाडीत सगळ्यांची विहीर एकच, बॅटरी आणि तिची अर्थिंग. वळताना इलेक्ट्रिक स्टिअरिंग एका दमात खूप करंट ओढतं, व्होल्टेज खाली बसतं आणि एकेक मॉड्यूल कुरकुर करायला लागतं.

रविवार, 17 नोव्हेंबर

सकाळी पोहे-जिलेबी झाली आणि मल्टिमीटर घेऊन खाली उतरले. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतो तसाच, पिवळा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.5 व्होल्ट. बरी आहे, पूर्ण भरलेली 12.6 दाखवते. सेल्फ मारताना 10.4 पर्यंत उतरली, तेही ठीक. 9.6 च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय. इंजिन चालू, सगळं बंद, 13.7. हेडलाइट, ब्लोअर लावून स्टिअरिंग पार वळवलं तर 12.8! इथे डायनेमो 14 च्या जवळ टिकायला हवा. कुणीही म्हणेल डायनेमो गेला.

पण आणखी एक माप बाकी होतं, आणि हे माप घेणारे फार थोडे. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या ब्लॉकवर. दोन्ही जागा तारेने जोडलेल्या, तेव्हा फरक जवळजवळ शून्य हवा. भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. 0.9 व्होल्ट. जवळपास एक अख्खा व्होल्ट त्या जाड तारेतच अडकून पडत होता.

बॅटरीपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी खोलली. वरून काळी रबरी नळी एकदम शाबूत. गिअरबॉक्सकडच्या टोकाला 13 चा पाना लावला तर बोल्ट अर्धा फेरा सैलच होता. तारेच्या टोकाची चकती, म्हणजे लग, बाहेर आला आणि त्याच्या खाली हिरवी-पांढरी पूड, कुंकवाच्या करंड्यात जुनं कुंकू चिकटतं तशी थर धरून बसलेली. तांब्याच्या तारांपैकी निम्म्या हाताला लागून तुटल्या. डायनेमोचा करंट बॅटरीतून याच पट्टीने ब्लॉककडे आणि तिथून डायनेमोकडे परततो. वाटच बंद, तर डायनेमोने कितीही बनवलं तरी पोचणार किती?

नवी पट्टी 220 रुपये. बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन. पुन्हा मोजलं: सेल्फ मारताना 0.1, सगळा भार लावून 14.1.

मंगळवार, 19 नोव्हेंबर

एबीएस, स्टिअरिंगचे दिवे पुन्हा आले नाहीत. पण राऊच्या पुलावर चढताना जोर गेला, पिवळा दिवा, पी-0299. दोन वेगळे दोष होते तर. अर्थिंगनेच सगळं सुटेल अशी मला फार आशा होती, ती आज सोडली.

गुरुवार, 21 नोव्हेंबर

फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी. एअर फिल्टर झटकला, धूळ होती पण प्रकाश आरपार दिसतो. ब्रेकचं पेडल तीनदा दाबून कडक केलं, पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं, पेडल पायाखाली अलगद खाली गेलं. म्हणजे व्हॅक्यूम पंप ठीक. माझ्या गाडीत टर्बोची पाती हलवणारा डबाही याच व्हॅक्यूमवर चालतो. भाचा गाडी चालू-बंद करत होता आणि मी टॉर्च घेऊन डब्याची दांडी बघत होते: चालू झाली की पूर्ण आत, बंद केली की बाहेर, कुठेही न अडखळता. बारीक नळ्या बोटांनी चाचपल्या, एकही कडक पडलेली नाही.

मग टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून आत बोट घातलं. इंजिन थंड होतं हे सांगायला हवं. शाफ्ट कडेला किंचित हलतो, तेवढं चालतं. पुढे-मागे अजिबात नाही. शाफ्टवरच्या पंख्याच्या कडा धारदार, कुठे घासल्याची खूण नाही. ज्या वस्तूचे 32,000 सांगितले होते ती माझ्या बोटाला निरोगी लागली.

राहिला सेन्सर. चावी ऑन, इंजिन बंद, अॅपवर मॅनिफोल्डचा दाब: 95 किलोपास्कल.

"मावशी, हा बघ, सेन्सरच गेलाय! हवेचा दाब 101 असतो ना?"

तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि प्रश्न अगदी रास्त होता. "101 समुद्रकाठी रे. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे या दिवसांत 95 च्या आसपासच यायला हवा." सेन्सर खरं बोलतोय. निदान उभ्या गाडीत तरी.

शनिवार, 23 नोव्हेंबर

पहाटे सहाला बायपास, रस्ता रिकामा. भाचा शेजारी फोन घेऊन, त्याने माझ्याशी बोलायचं नाही, फक्त रेकॉर्ड करायचं. आधी त्याला त्याच्या स्कूटरवर थोडं मागून यायला सांगितलं होतं. पाय दाबला की मागून काळा धूर निघतो हे त्याने सांगितलं, आणि ते वहीत ठळक लिहिलं.

तिसरा गिअर, 1,500 पासून पाय पूर्ण, 3,000 ला सोडायचा. तीन वेळा. 2,500 आरपीएमला मॅनिफोल्डचा दाब 128 किलोपास्कल, हवेच्या मीटरवर सेकंदाला 56 ग्रॅम, हवेचं तापमान 45. तिन्ही वेळा एक-दोन आकड्यांच्या फरकाने तेच. आणि प्रत्येक वेळी 1,900 च्या पुढे काच खाली केली की बारीक "फुस्स".

आता 128 कमी आहे हे कशावरून ठरवायचं? पुस्तकी आकडा माझ्याकडे नाही. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडे हीच गाडी, हेच वर्ष. त्यांना विनंती केली, त्यांनी चावी हातात ठेवली. तोच रस्ता, तोच गिअर, तेच आरपीएम: दाब 212, हवा 63, तापमान 48. धूर नाही. तुलनेला निरोगी गाडी मिळणं यासारखी मदत नाही.

रविवार, 24 नोव्हेंबर

काल रात्री झोपताना ते दोन आकडे डोक्यात घोळत राहिले. काकूंच्या गाडीचा दाब 212, माझा 128, म्हणजे माझ्याकडे साठ टक्के. पण हवा त्यांची 63 ग्रॅम आणि माझी 56, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के. दाब पडला आणि हवा पडली नाही? सकाळी उठून आठवी-नववीच्या पोरांना शिकवते तेच गणित मांडलं.

1.5 लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. 2,500 आरपीएमला सेकंदाला सव्वाएकतीस लिटर. भरण्याची क्षमता 88 टक्के धरली तर साडेसत्तावीस. 128 किलोपास्कल आणि 45 अंशाला लिटरभर हवेचं वजन 1.4 ग्रॅम. गुणाकार साडेअडतीस. म्हणजे या दाबाला इंजिन सेकंदाला साधारण 39 ग्रॅमच हवा गिळू शकतं. मीटर म्हणतो 56 आत गेली. काकूंच्या गाडीला तेच सूत्र लावलं तर उत्तर 63, मीटरवरही 63. सूत्र बरोबर, मीटर बरोबर.

मग माझे 17 ग्रॅम कुठे गेले?

हवेचा मीटर बसतो फिल्टरनंतर, टर्बोच्या आधी. दाबाचा सेन्सर बसतो सगळ्यात शेवटी, मॅनिफोल्डवर. टर्बो थकला असता तर त्याने हवा कमी ओढली असती आणि दोन्ही आकडे एकत्र पडले असते. माझ्याकडे हवा ओढली जाते, मोजली जाते आणि वाटेत हरवते. काळ्या धुराचाही उलगडा इथेच झाला: संगणक 56 ग्रॅमच्या हिशोबाने डिझेल सोडतो, सिलिंडरमध्ये हवा पोचते 39 ची. उरलेलं डिझेल काजळी होऊन मागून बाहेर. वही मिटली आणि आईला ओरडून सांगितलं, "आई, टर्बो चांगला आहे गं!" तिने देवापुढे साखर ठेवली.

गळती शोधायला कोपऱ्यावरच्या पंचरवाल्या भियाची मदत घेतली. नळवाल्याकडचं पीव्हीसीचं एंड कॅप घेतलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला आणि ते टर्बोच्या तोंडाच्या पाइपवर क्लिपने आवळलं. कंप्रेसरचं प्रेशर 12 पीएसआयवर बांधलं. इथे घाई करू नये. टायरसारखी पूर्ण हवा सोडली तर होज (रबरी नळी) उडेल किंवा सील फुटतील. गाडी चालताना जेवढा दाब बनतो त्याच्या आतच राहायचं, आणि तोंड बाजूला ठेवायचं.

हवा सोडली. ती "फुस्स" लगेच आली, पण वरून काहीच दिसेना. भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारत गेले: टर्बोचा सांधा कोरडा, इंटरकूलरची, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीची, दोन्ही टोकं कोरडी. इंटरकूलरकडून मॅनिफोल्डला चढणारा रबरी होज वरून नवा वाटावा असा. त्याच्या पोटाखाली हात गेला तेव्हा बोटांना आधी गार वारा लागला, मग तेलकट ओल. छोटा आरसा खाली धरला आणि टॉर्च मारला. रबराच्या पोटावर लांबीला साडेतीन सेंटिमीटरची चीर. तिच्यातून साबणाचे बुडबुडे एकावर एक उठत होते, मोठे होत होते, फुटत होते. भियाने हवा बंद केली. चिरेचे ओठ मिटले, आणि पुसून घेतल्यावर ती जागा शोधायलाही नख फिरवावं लागलं. म्हणून उभ्या गाडीत काही कळत नव्हतं. दाब नसताना ही चीर बंदच असते.

चीर का पडली तेही तिथेच दिसलं. होजखालून एक लोखंडी ब्रॅकेट जातं, त्याच्या कडेवर रबरी टोपण असायला हवं. काकूंच्या गाडीत आहे. माझ्या गाडीत नाही, नुसती पत्र्याची कड. मागच्या वर्षी क्लच बदलताना हे ब्रॅकेट काढलं गेलं होतं. टोपण परत बसलं नाही आणि वर्षभर प्रत्येक खड्ड्याला पत्रा रबरावर घासत राहिला. वर्षभरात असं काही आपोआप मोडत नसतं, कुणाच्या तरी हातून एक तुकडा खाली पडला आणि त्याने तो उचलला नाही. घाटात आईला घेऊन डंपरसमोर उभं राहण्याची वेळ त्यामुळे आली, याचा मला राग आहे आणि तो इथे लिहून ठेवते.

मंगळवार, 26 नोव्हेंबर

होज 1,850 रुपये, टोपण 40. दुकानात नाही, मागवावा लागेल, चार दिवस. टेप गुंडाळून चालवा असं दोघांनी सुचवलं. आत तेलाची वाफ, बाहेर उष्णता, आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा जादा दाब. टेप टिकणार नाही. गाडी उभी, शाळेत सिटी बसने.

शनिवार, 30 नोव्हेंबर

होज बसवला. सांध्यांच्या आतली तेलाची ओल ब्रेक क्लीनरने पुसली, तेलकट सांध्यावरून दाब आला की होज निसटतो. थोडं तेल बघून घाबरले नाही. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी वाफ टर्बोतून पुढे जाते, तेवढी ओल प्रत्येक डिझेलमध्ये असते. वाटीभर तेल निघालं असतं तर गोष्ट वेगळी. ब्रॅकेटची कड कानसीने घासली, टोपण चढवलं, होज आणि पत्रा यांच्यात बोट जातं याची खात्री केली. एंड कॅप लावून पुन्हा 12 पीएसआय: दोन मिनिटं काटा हलला नाही.

आता कोड उडवला. बायपास, तिसरा गिअर, 2,500: दाब 209, हवा 62. सूत्राचं उत्तरही 62. भाच्याने फोनवरून मान वर केली आणि म्हणाला, "मावशी, सतरा ग्रॅम सापडले."

एकूण खर्च 2,110 रुपये, अधिक ब्रेक क्लीनरचा डबा. पंचरवाल्या भियाने कंप्रेसरचे पैसे घेतले नाहीत, त्याच्या घरी जिलेबी पाठवली.

रविवार, 1 डिसेंबर

खरी परीक्षा घाटातच. आईला विचारलं येतेस का, ती आधीच शाल घेऊन तयार होती.

बडवाहला चहासाठी थांबलो तेव्हा चावी ऑन करून सेन्सर बघितला: 99. सकाळी घराखाली 95 होता. घाट उतरताना हवा जड होते, आणि सेन्सरने ते चार किलोपास्कल बरोबर मोजले. त्याच्याबद्दलचा उरलासुरला संशयही गेला.

परतीला भेरू घाट. तीच चढण, तिसरा गिअर, पुढे या वेळी कापसाचा ट्रक. वळण मोकळं दिसेपर्यंत वाट बघितली आणि पाय दाबला. काटा 2,500 वर आला, थांबला नाही, 2,900 पर्यंत गेला. ट्रक मागे पडला. दिवा नाही, "फुस्स" नाही, आरशात धूर नाही. मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तो कठडा डावीकडून निघून गेला. आईने तिकडे बघून हात जोडले.

घरी येऊन पेंडिंग, म्हणजे अजून दिवा न लावलेले, कोड तपासले, एकही नाही. रेकॉर्डिंगमध्ये घाटातला सर्वांत जास्त दाब 214.

बाकी काम: दर 5,000 किमीला होजच्या पोटाखाली आरसा धरणे. काकूंच्या गाडीची अर्थिंग पट्टी येत्या रविवारी मोजायची, त्यांना तसं सांगून आले आहे.